लाईन वजनाने घ्या, नुसत्या नंबराने नको

फ्लाय फिशिंगची काठी घेताना माणसे महिनोन्महिने विचार करतात आणि लाईन मात्र दुकानातून निघता निघता उचलतात. हा क्रम उलटा हवा. देवळाली कॅम्पात राहून दारणेच्या काठी अनेक हंगाम काढल्यावर मी हे ठामपणे सांगू शकतो. या छंदात नव्याने येणाऱ्यांचे पैसे आणि चांगल्या काठ्या, दोन्ही वाचावे म्हणून हे लिहीत आहे.

साध्या गळाला शिसे किंवा जड आमिष असते. गोफणीतल्या दगडासारखे ते झेपावते आणि दोरी त्याच्यामागून जाते. फ्लायचे तसे नाही. गरीवर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेल्या त्या कृत्रिम किड्याला वजन जवळजवळ नसतेच. त्याला पाण्यापर्यंत नेते ती लाईन. तिच्या वजनाने काठी वाकते आणि सरळ होताना लाईन पुढे फेकते. वजन कमी पडले तर काठी वाकतच नाही. जास्त झाले तर ती दबून राहते आणि लाईन पायाशी गोळा होते.

कॅम्पात बदलीवर किंवा निवृत्त होऊन जाणारी लष्करी कुटुंबे घरसामान विकतात. अशाच एका घरातून मला बांबूच्या पट्ट्या जोडून केलेली ९ फुटी जुनी काठी मिळाली. सोबत रेशमी लाईनीची रिकामी डबी होती, तिच्यावर ‘एचडीएच’ अशी अक्षरे. मुंबईतल्या एका विक्रेत्याला काठी आणि डबी दोन्ही दाखवली. त्याने डबीकडे पाहिलेही नाही. जुन्या काठ्या दणकट असतात असे सांगून त्याने ८ नंबरची लाईन दिली. थोड्याच दिवसांत धातूच्या सांध्यापाशी पट्ट्या उकलल्या.

उत्तर त्या डबीवरच होते. रेशमी लाईनींच्या काळात अक्षरे जाडी सांगत. एच म्हणजे ०.०२५ इंच, डी म्हणजे ०.०४५ इंच. एचडीएच म्हणजे दोन्ही टोकांना बारीक आणि मध्ये जाड, आजच्या भाषेत डबल टेपर. सगळ्या लाईनी रेशमाच्या होत्या तोवर जाडीवरून वजन कळे. नायलॉन आणि डॅक्रॉन आले तसे सारख्या जाडीच्या लाईनी वेगवेगळ्या वजनाच्या निघू लागल्या आणि अक्षरे निरुपयोगी ठरली. म्हणून १९६१ साली अमेरिकेतल्या मासेमारी-साहित्य उत्पादकांच्या संघटनेने नंबरांची पद्धत ठरवली. लाईनीच्या पहिल्या ३० फुटांचे वजन ग्रेनमध्ये मोजायचे आणि त्यावरून नंबर द्यायचा.

हे आकडे वहीत लिहून ठेवावेत. ४ नंबर १२० ग्रेन (७.८ ग्रॅम), ५ नंबर १४० ग्रेन (९.१ ग्रॅम), ६ नंबर १६० ग्रेन (१०.४ ग्रॅम), ७ नंबर १८५ ग्रेन (१२ ग्रॅम), ८ नंबर २१० ग्रेन (१३.६ ग्रॅम). ६ आणि ८ यांत जवळजवळ एकतृतीयांश वजनाचा फरक आहे. एचडीएच ही साधारण ६ नंबरच्या आसपासची लाईन. तिच्यासाठी घडलेल्या काठीवर ८ नंबर लादला की काय होणार, हे सांगायला नको.

आजची अडचण वेगळी आहे. ताठ ग्राफाइट काठ्या सहज वाकाव्यात म्हणून कित्येक कंपन्या लाईन प्रमाणापेक्षा अर्धा-एक नंबर जड करतात आणि खोक्यावर नंबर तोच छापतात. म्हणून खोक्यावरचे ग्रेन वाचा. खोके हरवले असेल तर लाईन सराफाकडे न्या. टोकाचा एकसारख्या जाडीचा छोटा तुकडा सोडून पुढचे ३० फूट, म्हणजे ९.१४ मीटर, वेटोळे करून काट्यावर ठेवायला सांगा. स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, कारण ५ आणि ६ नंबरांत सव्वा ग्रॅमचाच फरक असतो.

आता कोणत्या काठीला काय, ते पाहू.

बांबूची आणि फायबरग्लासची काठी संथ वाकते. तिला प्रमाणातलीच लाईन द्यावी, शक्यतो डबल टेपर. नंबर माहीत नसेल तर हलक्या लाईनीपासून सुरुवात करून एकेक नंबर वर जावे, जडापासून खाली येऊ नये. ग्राफाइटच्या काठीला काठीवर लिहिलेला नंबर आणि पुढे वजन असलेली, म्हणजे वेट फॉरवर्ड लाईन ठीक. नेहमीची फेक २०-२५ फुटांचीच असेल तर काठीबाहेर पुरेसे वजन येत नाही. अशा वेळी ग्राफाइटला एक नंबर वरची लाईन चालते.

मासाही पाहावा. काठालगतच्या चिलापीला ४ किंवा ५ नंबरची तरंगती लाईन पुरते. पाणवनस्पतींत दबा धरणाऱ्या मरळीला बेडकासारखी जाड फ्लाय लागते. ती वाऱ्यात न्यायला ७ किंवा ८ नंबरची काठी आणि पुढचा भाग आखूड व जड असलेली लाईन हवी. महाशीरसाठी वाहत्या नदीवर जाणार असाल तर ८ नंबरच्या खाली उतरू नका.

लाईन घेताना आपल्याकडचे हवामानही विचारात घ्यावे लागते. भाच्याने परदेशातून आणलेली थंड पाण्याची लाईन डिसेंबरात सुरेख चालली. एप्रिलच्या उन्हात तीच मऊ पडली, चिकट झाली आणि काठीच्या कड्यांना धरू लागली. नाशकात उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो; त्या दिवसांसाठी उष्ण प्रदेशाची, ताठ गाभ्याची लाईन घ्यावी. ती हिवाळ्याच्या पहाटे वेटोळी होते, पण हाताने ताणून घेतली की सरळ पडते. एकच लाईन परवडत असेल तर तुम्ही जास्त कोणत्या ऋतूत जाता ते ठरवून घ्या. बंद गाडीत लाईन ठेवू नका. डासांच्या काही मलमांत डीट असते, ते लाईनीचे प्लास्टिकचे आवरण विरघळवते. मलम लावल्यावर हात धुऊनच लाईनीला स्पर्श करा.

पाण्यावर जाण्याआधी परवानगीचेही पाहा. जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांना विचारूनच उतरा, कारण त्यांचे पोट त्यावर आहे. देवळालीत तोफखान्याच्या सरावाच्या हद्दीत पाऊल टाकू नका. नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, तिथे गळ न्यायचाच नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला चढतात, तेव्हा काठी घरी ठेवा.

हाती मोजका पैसा असेल तर मधल्या किमतीची काठी घ्या आणि वाचलेले पैसे नेमक्या वजनाच्या लाईनीत घाला. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: पहिल्या ३० फुटांचे ग्रेन किती, टेपर कोणता, आणि लाईन थंड पाण्याची की उष्ण. तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत पैसे देऊ नका.