वेड पांघरलं नव्हतं, लागलं होतं

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ यातलं पेडगाव श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. आमचं पेडगाव परभणी जिल्ह्यातलं. पण कॉलेजात गावाचं नाव सांगितलं की हा खुलासा कोणी ऐकून घेत नसे, आधी हसून घेत. 2016 साली मी काकांच्या गाडीचं जे काही केलं, ते बघून काका म्हणाले, “म्हण त्यांची असू दे, वेडं मात्र आपल्याकडं निघालं.”

गाडी म्हणजे यामाहा आरएक्स 100, काकांनी 1994 मध्ये नवी घेतलेली. ही गाडी आपल्याकडं 1985 ते 1996 अशी अकराच वर्षं निघाली. 98 सीसी, 11 अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. तिचा आवाज वेशीपाशी आला की आजी चुलीवर चहाचं आधण ठेवायची. गाडी पळायची ती ताकदीपेक्षा हलकेपणामुळं. एवढं 2016 साली मला कळलं असतं, तर बरेच पैसे आणि एक मनगट वाचलं असतं.

सुरुवात पुढच्या शॉकअपपासून झाली. ऑइल सील गळत होते, फोर्कच्या पाइपांवर गंज धरला होता. सील, ऑइल आणि पाइप बदलले असते तर काम संपलं होतं. पण गॅरेजवाला म्हणाला, “त्यापेक्षा पल्सरचा अख्खा सेट टाकू. डिस्क ब्रेक येतो, लूक येतो.” लूक हा शब्द ऐकला आणि मी हो म्हणालो.

पल्सरच्या टीचा, म्हणजे दोन्ही फोर्क धरणाऱ्या भागाचा, मधला दांडा आरएक्सच्या मानेत बसेना. मग तो लेथवर घासला, एका जागी वेल्डिंग मारलं आणि ठोकून बसवला. पुढचं चाक आता 18 ऐवजी 17 इंचाचं झालं. हँडल नीट यावं म्हणून फोर्क टीमधून वर सरकवले, त्यामुळं गाडी पुढून आणखी खाली आली. मागं उंच शॉकअप लावले, कारण तसं दिसायला ‘रेसिंग’ दिसतं. एकेक बदल वेगळा पाहिला तर किरकोळ. पण तिन्ही बदलांनी गाडी एकाच बाजूला, नाकावर, झुकवली होती.

सायकलचं हँडल सोडून आपण सरळ जाऊ शकतो, त्याचं एक मोठं कारण पुढच्या चिमट्याचा तिरपेपणा. हँडलच्या दांड्याची रेष जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथं टेकतो त्याच्या पुढं पडते. चाक त्या रेषेच्या मागं ओढलं जातं, म्हणून आपोआप सरळ राहतं. गाडी नाकावर झुकली की चिमटा उभा होतो आणि हे अंतर घटतं. गाडी गल्लीत पटकन वळते, चालवणाऱ्याला वाटतं काय झकास झाली. वेग वाढला की तेच हँडल थरथरायला लागतं.

तरी इंजिन जुनं होतं तोवर निभावलं. पुढच्या वर्षी क्रँकचे बेअरिंग वाजायला लागले. दुरुस्तीऐवजी मी जुन्या बाजारातून आरएक्स 135 चं पाच गिअरचं इंजिन आणलं. पावती मागितली नाही, मागितली असती तरी मिळाली नसती. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक 50 मिमीच आहे. बोअर मात्र 100 ला 50 आणि 135 ला 58 मिमी, म्हणून 132 सीसी. त्याच बोल्टांवर बसतं आणि पाचवा गिअर मिळतो. बसतं म्हणजे चालतं, असा माझा समज.

पावसाळा संपता संपता एका सकाळी परभणीला निघालो होतो. काळ्या मातीचा रस्ता, ट्रॅक्टरनी पाडलेल्या चाकोऱ्या. दीडशे किलोच्या घरातल्या गाडीसाठी केलेल्या स्प्रिंगा शंभर किलोच्या गाडीखाली दबतच नव्हत्या. चाक खड्ड्यात उतरायचं सोडून त्यावरून उडत होतं. चांगला रस्ता लागला, पाचवा गिअर टाकला आणि हँडल थरथरलं. मी घाबरून डिस्क आवळली. पुढचं चाक गेलं, मग मी गेलो. उजवं मनगट मोडलं. मागून ट्रक नव्हता, एवढंच नशीब.

गाडी परभणीतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडं नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. पाना हातात घेण्याआधी त्यांनी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणून धरला. मग हँडल उचलून हलवलं, टी उघडली. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर होती. माझ्या प्लास्टरकडं बघत म्हणाले, “हात जुडेगा बेटा, ये नहीं जुडता.”

खरी फजिती 2019 मध्ये झाली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमची मुदत ऑक्टोबरात संपत होती. आरटीओत चासी नंबर आणि इंजिन नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात. चासी नंबर जुळला, इंजिनचा नाही. साहेबांनी विचारलं, “इंजिन बदललंय का?” मी म्हणालो, “काकांची गाडी आहे साहेब, मला काही कल्पना नाही.” श्रीगोंद्याची म्हण त्या दिवशी मी आमच्या पेडगावला आणली.

त्यांनी फाइल परत दिली आणि कलम समजावलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेला आणि नोंदणीत लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी आलेल्या कलम 182-अ मध्ये अशा प्रत्येक फेरफाराला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि बिनपावतीचं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं असतं, तर गोष्ट दंडावर थांबली नसती.

मूळ इंजिन गोठ्यात पोत्याखाली पडलं होतं. चाचांनी क्रँक, बेअरिंग, सील बदलले, बोअर करून पाव मिमी मोठा पिस्टन टाकला. पुढं आरएक्सचेच फोर्क, मागं मूळ उंचीचे शॉकअप. इंजिन नंबर जुळला, नोंदणी झाली. खर्च सुरुवातीलाच दुरुस्ती केली असती त्याच्या तिप्पट.

आता गावातली पोरं जुनी गाडी घेऊन सल्ल्याला येतात. त्यांना सांगतो ते असं.

आधी झिजलेलं बदला. हँडल थरथरतं म्हणून फोर्क बदलण्याआधी कोन सेट, मागच्या चिमट्याचे बुश, चाकाचे बेअरिंग, स्पोकचा ताण आणि टायर बघा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

शॉकअप मऊ वाटला तर मूळ मापाची नवी स्प्रिंग आणि कंपनीनं सांगितलेलं ऑइल, सांगितलेल्या मापानं भरा. दोन्ही पायांत सारखं.

गाडीची उंची बदलणारं काही लावू नका. कुठलाही भाग लावायच्या आधी आणि नंतर टेप घेऊन पुढून-मागून माप घ्या.

हँडलच्या दांड्यावर वेल्डिंग नको. ‘चालतंय’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला म्हणा, आधी तुम्हीच पाचव्या गिअरात चालवून दाखवा.

इंजिन बदलणं अगदीच भाग असेल, तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, पावतीसह. परवानगी आधी घ्या, बोल्ट नंतर खोला. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा नाकारायला तिला आयतं कारण मिळतं.

आणि काढलेला भाग भंगारात देऊ नका. गोठ्यात पोत्याखाली तो पडून होता, म्हणून काकांची गाडी आज काकांच्या नावावर धावते. मला ते अजून चावी देत नाहीत.