शाखा निवडताना

दहावीचा निकाल लागला की वस्तीत पहिला प्रश्न येतो, किती टक्के? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, मग सायन्सच ना? जास्त गुण म्हणजे सायन्स, मध्यम गुण म्हणजे कॉमर्स आणि उरलेल्यांसाठी आर्ट्स, अशी उतरंड आपण मनात पक्की करून ठेवली आहे. तिच्यात मुलाची आवड कुठे येत नाही आणि पुढे मिळणाऱ्या कामाचा विचार तर नाहीच नाही.

डी.एड.चे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडले. बारावीनंतर दोन वर्षे काढली की जिल्हा परिषदेची नोकरी, हा हिशेब एके काळी खरा होता. म्हणून जागोजागी डी.एड. कॉलेजे निघाली. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी बारावी झाले होते अशी कितीतरी हुशार मुले-मुली तिकडे वळली. २०१२ साली राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. २०१३ साली पात्रता परीक्षा आली, २०१७ साली त्यावर अभियोग्यता चाचणी आली. तोवर पदविका हातात घेऊन बसलेल्यांची उमेदीची वर्षे सरली. अभ्यासक्रमात खोट नव्हती. सगळे एकाच दारातून आत शिरले, एवढेच. तेव्हा मागच्या तुकडीला नोकऱ्या लागल्या, हा पुरावा पालकांनी कच्चाच समजावा.

सायन्स घेतले की सगळे रस्ते मोकळे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते अर्धेच खरे आहे. बारावी सायन्सचा विद्यार्थी पुढे कॉमर्स-आर्ट्सला जाऊ शकतो, उलट सहसा जाता येत नाही. पण गणित आणि भौतिकशास्त्र न झेपणारा मुलगा बारावीतच अडकला, तर त्या मोकळ्या रस्त्यांचा उपयोग काय? ज्याचा हात यंत्रावर चालतो त्याने दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका पाहावी. ती झाल्यावर नोकरी करता येते, किंवा अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. घरात कमावते माणूस एकच असेल तर पहिला पगार किती वर्षांनी येणार, हा प्रश्न मुलासमोर उघडपणे मांडावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनीही मान खाली घालू नये. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला किंवा सी.ए.च्या फाउंडेशन परीक्षेला बारावीची कोणतीही शाखा चालते. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले म्हणून त्यांना पर्शियन घ्यावे लागले. पुढे विषय निवडण्याची मोकळीक मिळाली तेव्हा त्यांनी अर्थशास्त्र धरले. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. आणि १९२३ साली लंडनची डी.एस्सी. त्यांनी त्याच विषयात मिळवली. डॉक्टर-इंजिनिअर हीच हुशारीची खूण मानणाऱ्या आपल्या घरांत याची चर्चा फारशी होत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

आता पैशाचे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच प्रवेश घ्यावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि ही गोष्ट बऱ्याच पालकांना फी भरून झाल्यावर कळते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला या शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे.

राखीव जागेवर प्रवेश हवा तर जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करावा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर मूळ गावच्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल तहसील कचेरीतून काढावी लागते. जुनी दप्तरे, त्यांत मोडी लिपी. नक्कल हाती यायला महिने जातात. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हाच अर्ज देऊन या.