नाव सोनूबाई, लांबी १० जीबी

फाइलची लांबी बदलणं हे प्रोग्रामरच्या आयुष्यातलं सर्वांत किरकोळ काम, असं मी बरीच वर्षं समजत होतो. लिनक्सवर त्यासाठी ट्रंकेट आणि एफट्रंकेट हे दोन सिस्टिम कॉल आहेत. पहिल्याला फाइलचा पाथ द्यायचा, दुसऱ्याला उघड्या फाइलचा डिस्क्रिप्टर. मग हवी ती लांबी बाइटमध्ये सांगायची. एका ओळीचं काम. त्या एका ओळीने मला किती वेळा तोंडघशी पाडलं, त्याचा हा हिशोब.

१. नावावरून काम ओळखू नये. ट्रंकेट म्हणजे छाटणं, एवढं इंग्रजी मला येत होतं. त्यामुळे हा कॉल फाइल वाढवतही असेल, हे मनात आलंच नाही. मी एलसीकने पुढे उडी मारून शेवटी एक बाइट लिहून यायचो आणि त्या क्लृप्तीचा अभिमानही बाळगायचो. १०० बाइटच्या फाइलला १००० सांगितले, तर पुढचे ९०० बाइट शून्य म्हणून वाचले जातात, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच होतं. तेवढं वाचायचं सोडून बाकी सगळं मी केलं होतं.

२. लांबी म्हणजे जागा नव्हे. १० जीबीची फाइल चुटकीसरशी तयार झाली, तेव्हाच संशय यायला हवा होता. मी उलट साहेबांना ऐटीत सांगितलं, ‘जागा धरून ठेवलीय.’ एलएस १० जीबी दाखवत होतं. डीयूला विचारलं असतं, तर शून्य कळलं असतं. आत नुसती पोकळी. सातबाऱ्यावर नाव माझं, पण रात्री दुसऱ्याच प्रोग्रामने सगळी डिस्क पेरून टाकली आणि माझ्या ‘राखीव’ जागेत लिहायला गेलो, तर उत्तर आलं: जागा शिल्लक नाही. जागा खरोखर हवी असेल, तर पॉझिक्स-एफअ‍ॅलोकेट वापरायचं, हे त्या रात्री शिकलो.

३. वही फाडली, तरी लिहिणाऱ्याचं बोट जुन्याच ओळीवर असतं. फुगलेली लॉग फाइल आधी मी चक्क पुसली. पण चालू प्रोग्रामने ती उघडी धरली होती, म्हणून एक बाइटही मोकळा झाला नाही. पुढच्या वेळी शहाणपणाने तिची लांबी शून्य केली. डिस्क मोकळी झाली, चहा प्यायलो, परत आलो तर एलएसमध्ये लांबी पुन्हा ८ जीबी! छाटल्याने लेखनाची जागा हलत नाही. प्रोग्रामने पुढची ओळ जुन्याच ठिकाणी लिहिली आणि मागे पोकळी राहिली. फाइल ओ-अपेंडने उघडलेली असती, तर प्रत्येक ओळ आपसूक शेवटाला गेली असती.

४. कधीकधी आपण छाटतोय, हेच आपल्याला ठाऊक नसतं. एका यादीवर सॉर्ट चालवून ‘>’ने निकाल त्याच यादीत ओतला. शेल ती फाइल आधी रिकामी करतं, मग सॉर्टला उठवतं. सॉर्टने रिकामी यादी अगदी बिनचूक लावून दिली.

५. आपल्या कात्रीखाली दुसऱ्याचा पाय असू शकतो. सहकाऱ्याचा प्रोग्राम एमॅपने फाइल मेमरीत जोडून वाचत होता. मी ती इकडून छाटली. गायब झालेल्या पानाला हात लावताच त्याला सिगबस आला आणि तो जागीच कोसळला. बिचारा दोन दिवस स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होता. तिसऱ्या दिवशी मी कबुली दिली आणि वडापावही.

आता लांबी बदलण्याआधी मी एलएसओएफ चालवून पाहतो, ही फाइल आणखी कोण उघडून बसलंय. दोन सेकंद लागतात. तुमच्याही एखाद्या ‘किरकोळ’ कामाआधी असे दोन सेकंद असतील. ते वाचवायला जाऊन माझ्यासारखे सहकाऱ्याचे दोन दिवस घालवू नका.