सीआरपी वाढलाय, पण लघवी तपासली का?

अंबरनाथ-बदलापूरहून येणारे आईबाप हल्ली बाळाच्या आधी मोबाइल पुढे करतात. व्हॉट्सॲपवर लॅबचा रिपोर्ट, त्यात सीआरपीचा आकडा ठळक. ‘डॉक्टर, किडनीत इन्फेक्शन आहे का?’ नुसत्या त्या आकड्यावरून ते कोणालाच सांगता येणार नाही.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात दाह झाला की ते वाढतं. कुठे झाला, ते त्यावरून कळत नाही. शिवाय रक्तात वाढ दिसायला सहा ते बारा तास जातात. बाळ सकाळी मलूल झालं आणि लगेच रक्त घेतलं, तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. उलट बाळंतपण अवघड झालं असेल, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत संसर्ग नसतानाही आकडा चढलेला सापडतो. प्रोकॅल्सिटोनिन हे रक्तात तपासलं जाणारं दुसरं प्रथिन लवकर वाढतं, मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या संसर्गाची कल्पनाही जरा बरी देतं. पण निरोगी बाळातही जन्मानंतर साधारण २४ तासांनी ते वर गेलेलं असतं. मुलांवरच्या अभ्यासांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०२० साली पुन्हा आढावा घेतला, तेव्हाही यातल्या कुठल्याही एका चाचणीवर विसंबावं असं निघालं नाही.

आणखी एक घोळ एककाचा. एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिते, दुसरी प्रति डेसिलिटर. काल १२ होता, आज १.२ आला म्हणून पेढे वाटू नका. प्रमाण तेच आहे.

निकाल लागतो तो लघवीच्या कल्चरवर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीवर, आणि नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्यायचा असतो. चिकटवलेल्या पिशवीतली लघवी कल्चरला चालत नाही, त्यात कातडीवरचे जंतू येतात. बारीक नळी घालून किंवा ओटीपोटातून सुईने ती घेतात. आजीला ते बघवत नाही, पण काम मिनिटभराचं असतं. नमुना तासाभरात लॅबमध्ये नाही तर फ्रीजमध्ये हवा. कलेक्शन सेंटर स्टेशनजवळ आणि लॅब भलत्याच शहरात असेल, तर तो कधी आणि कसा जाणार हे काउंटरवर विचाराच. उन्हात फिरलेल्या बाटलीत जंतू वाढतात आणि नसलेलं इन्फेक्शन रिपोर्टमध्ये उगवतं.

महिन्याच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, किंवा अंग ९७.७ च्या खाली गार पडलं, दूध ओढेनासं झालं, उलट्या होऊ लागल्या, तर कल्चरच्या रिपोर्टसाठी घरी थांबू नका. कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नाही किंवा वजन वाढत नसेल, तरी लघवी तपासायला सांगा. या वयात लघवीच्या मार्गाचा संसर्ग मुलग्यांत जास्त दिसतो. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाची किडनी फुगलेली लिहिली असेल, तर ती फाइल सोबत आणा.

खर्चाच्या धास्तीनेही घरी थांबू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला वर्षभराचं होईपर्यंत सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं, तपासण्या मोफत आहेत. उल्हासनगर कॅम्प ३ चं मध्यवर्ती रुग्णालय सरकारीच आहे. रात्री-अपरात्री १०८ ला फोन करा.