ट्रिप आणि ट्रायल यांच्यामधला वेळ

फीडर किती वेळात ट्रिप व्हावा, याचा हिशेब सगळेच करतात. ट्रिप झाल्यावर ट्रायल घेण्याआधी, म्हणजे फीडर पुन्हा चार्ज करून पाहण्याआधी, किती थांबायचं, हा आकडा मात्र अनेकदा दुसऱ्या उपकेंद्राच्या कागदावरून जसाच्या तसा उतरवला जातो. रिले टेस्टिंगच्या कामात उमरखेडच्या आसपासच्या लाइन पाहिल्यापासून मला या दुसऱ्या आकड्याचीच जास्त काळजी वाटते.

ही ट्रायल आपोआप घेणारा ऑटो-रिक्लोजर इथे हवाच. बंदी भागात, बिटरगावकडे, लाइन जंगलाच्या कडेने जाते. वाऱ्याने फांदी घासते, खार इन्सुलेटरवर चढते, पावसाळ्याच्या तोंडावर वीज कोसळते. उघड्या तारांवरचे बहुतेक दोष असे क्षणभराचेच असतात. पुरवठा तुटला की ठिणगी विझते आणि पुन्हा चार्ज केल्यावर लाइन धरते. त्यासाठी वायरमनने रात्री जंगल तुडवायचं काही कारण नाही.

पण एका 33/11 केव्ही उपकेंद्रावर विचित्र प्रकार चालला होता. दूरच्या शाखेवर दोष आला की रिक्लोजर ट्रिप व्हायचा, पहिली ट्रायल घ्यायचा, मग दुसरी; आणि नेमका तेव्हाच उपकेंद्रातला मुख्य ब्रेकर पडून सगळी गावं अंधारात जायची. मुख्य रिले तपासला, बरोबर. रिक्लोजर तपासला, तोही बरोबर. मग संशय सीटीवर गेला. उलगडा झाला तो ऑपरेटरदादांच्या बोलण्यातून: “पहिल्या खेपेले कधीच नाही पडत साहेब, दुसऱ्या ट्रायललेच पडते.”

मुख्य रिले जुना, फिरत्या चकतीचा होता. दोषाचा प्रवाह त्याच्या सेटिंगच्या 5 पट आणि टाइम मल्टिप्लायर 0.2, म्हणजे तो साधारण 0.86 सेकंदाने ट्रिप देणार. रिक्लोजर 0.5 सेकंदात मोकळा होत होता. कागदावर 0.36 सेकंदाचं अंतर, कोणीही मान डोलावेल असं. पण त्या अर्ध्या सेकंदात चकती निम्म्याहून जास्त पुढे गेलेली असते, आणि प्रवाह तुटला तरी ती लगेच शून्यावर येत नाही. स्प्रिंग तिला सावकाश मागे आणते. रिक्लोजरचा थांबा होता फक्त अर्ध्या सेकंदाचा. चकती पुरती परतायच्या आत पुढची ट्रायल, पुन्हा तेच, आणि तिसऱ्या खेपेला ती टोकाला पोचायची. पहिला थांबा 3 सेकंद आणि दुसरा 10 सेकंद केल्यावर मुख्य ब्रेकर पडणं थांबलं.

म्हणून रिक्लोजर लावताना एका ट्रिपची वेळ जुळली की काम झालं, असं समजू नका. सगळ्या ट्रायल धरून वरच्या रिलेची चकती कुठवर जाते, ते काढा. डिजिटल रिले असला तरी रीसेटची सेटिंग उघडून बघा. काही रिले मुद्दाम चकतीसारखे सावकाश परततात, काही तत्काळ. वर एक प्रकार आणि खाली दुसरा असेल, तर हाच घोळ पुन्हा होतो.

शेतीच्या फीडरवर आणखी एक गोष्ट असते: पंपांना लावलेले ऑटोस्विच. पुरवठा गेला की पंप बंद होतात आणि आला की सगळे एकदम सुरू होतात. थेट स्टार्टरवरची मोटर सुरू होताना नेहमीच्या साधारण सहापट प्रवाह ओढते. लाइनवर दोष नसतानाही रिलेला तो दोषच वाटतो, फीडर पुन्हा पडतो आणि वायरमन नसलेला दोष शोधत ऊस-हळदीच्या शेतांतून फिरतो. इथे नुसता थांबा वाढवून भागत नाही. चार्ज केल्यावर पहिले काही सेकंद तात्काळ ट्रिपचा घटक रोखून धरावा लागतो, तोही खालच्या फ्यूजचा आणि वरच्या रिलेचा मेळ पुन्हा तपासूनच. शेतकरीदादांनी ऑटोस्विच काढून कॅपॅसिटर बसवावेत, असं आवाहन महावितरण कितीतरी वर्षं करत आलं आहे. ते मनावर घ्या. वारंवार जळणाऱ्या डीपीमागे हेही एक कारण असतं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे आता शेतीच्या फीडरना सौर प्रकल्प जोडले जात आहेत. ग्रिड तुटल्याचं ओळखून सौर इन्व्हर्टरने बाजूला व्हायला दोन सेकंदांपर्यंत मुभा असते. त्याच्या आत ट्रायल घेतली, तर जिवंत लाइनवर भलत्याच क्षणी ब्रेकर जोडला जाऊ शकतो. अशा फीडरवर अर्ध्या सेकंदाचा जुना थांबा ठेवूच नये.

आणि आग. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 7 फेब्रुवारी 2009 च्या वणव्यांत 173 माणसं गेली. काही आगी वीजवाहिन्यांमुळे लागल्या होत्या. चौकशी आयोगाने शिफारस केली की, सर्वांत धोक्याच्या आठवड्यांत एकतारी ग्रामीण लाइनवरचं रिक्लोजिंग बंद ठेवावं आणि पूर्ण आगबंदीच्या दिवशी 22 केव्ही फीडरवर एकच ट्रायल घ्यावी. आपल्याकडे तोडणीला आलेल्या उसात वाळलेलं पाचट असतं, उन्हाळ्यात पैनगंगा अभयारण्यात पानगळीचा थर असतो. दोष कायमचा असेल तर प्रत्येक ट्रायल म्हणजे त्यावर आणखी एक ठिणगी. या हंगामात अशा फीडरवर ट्रायल बंद ठेवायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. तासभर अंधार परवडतो, उभा ऊस जळालेला परवडत नाही.

सगळ्यांत जास्त भीती तुटून पडलेल्या तारेची. मे महिन्यात काळी जमीन वाळून भेगाळते. तिच्यावर पडलेल्या तारेतून इतका कमी प्रवाह जातो की ओव्हरकरंट रिलेला कळतही नाही. संवेदनशील अर्थ फॉल्ट रिले हवा, आणि त्याने ट्रिप दिली तर ट्रायल घ्यायचीच नाही. ठिणगी दिसत नाही म्हणून कोणी जवळ गेलं आणि तेवढ्यात लाइन चार्ज झाली तर? गावकऱ्यांनी लांब उभं राहून इतरांना, जनावरांना अडवावं आणि 1912 वर फोन करावा. निरोप मिळताच ऑपरेटरने आधी त्या फीडरचं रिक्लोजिंग बंद करून पुरवठा तोडावा, मगच वायरमनला पाठवावं. वायरमननेही परमिट हातात आल्यावर एबी स्विच उघडा असल्याचं डोळ्यांनी पाहावं आणि डिस्चार्ज रॉड दोन्ही बाजूंनी लावावा, कारण पलीकडून एखाद्या जनरेटरचा उलटा पुरवठा त्याच तारेत येत असू शकतो.