निद्रा, फजर आणि शरीराचे घड्याळ

फजरच्या जमातीत आपल्या मोहल्ल्यातील किती तरुण दिसतात, हे एकदा मोजून पाहा. त्यांच्या ईमानाविषयी शंका घेण्यापूर्वी ते रात्री किती वाजता झोपले, हे विचारणे अधिक न्यायाचे ठरेल.

पवित्र कुरआनने सूरह अन-नबामध्ये निद्रेला विश्रांती, रात्रीला आवरण आणि दिवसाला उपजीविकेची वेळ म्हटले आहे. हीच व्यवस्था अल्लाहने आपल्या देहातही ठेवली आहे. मेंदूत, दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. झोप, जाग आणि शरीराचे तापमान यांचे वेळापत्रक तो सांभाळतो. बहुतेकांचे हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मंद चालते. सकाळचा प्रकाश त्याला रोज जुळवून देतो. उलट, रात्री डोळ्यांसमोर धरलेला मोबाइलचा उजेड मेलाटोनिन या निद्रासूचक द्रव्याचा स्राव लांबणीवर टाकतो. पेशींतील या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारणे नापसंत होते, असे सहीह बुखारीत नमूद आहे. याचे मोल साध्या हिशेबाने कळते. मुंबईत जून महिन्यात इशा ते फजर हे अंतर जेमतेम आठ तासांचे असते आणि प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप लागते. म्हणजे वायफळ बैठकीला जागाच उरत नाही. डिसेंबरात रात्र दहा तासांहून मोठी होते. तेव्हा तहज्जुदसाठीही सवड मिळते. उन्हाळ्यातील तूट दुपारच्या अल्प निद्रेने, म्हणजे कैलूल्याने, काही अंशी भरून निघते. (मध्यरात्र उलटेपर्यंत चालणाऱ्या आपल्या जलशांच्या आयोजकांनीही हा हिशेब मांडावा. व्याख्यान नमाजेवर आणि श्रोते फजरला अंथरुणात, हे शोभत नाही.)

इबादतीच्या नावाखाली झोप मोडणेही संमत नाही. हजरत अबू दरदा (रजि.) रात्रीच्या प्रारंभीच नमाजेला उभे राहू लागले, तेव्हा हजरत सलमान (रजि.) यांनी त्यांना झोपायला लावले आणि रात्रीच्या अखेरच्या भागात उठवले; मग दोघांनी नमाज अदा केली. स्वतःच्या जिवाचाही आपल्यावर हक्क आहे, हे सलमान यांचे म्हणणे प्रेषितांनी (स.) खरे ठरवले.

राहिला प्रश्न मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर रात्रपाळी करणाऱ्या बांधवांचा. सूरह अर-रूममध्ये रात्रीच्या निद्रेबरोबर दिवसाची निद्राही अल्लाहच्या निशाण्यांत गणली आहे. अशा कामगाराने फजर अदा करून थेट घरी यावे, खिडकीवर जाड पडदा ओढावा आणि सुट्टीच्या दिवशीही ही वेळ शक्यतो फार बदलू नये. घरच्यांनी त्याला जुहरपूर्वी किरकोळ कामासाठी उठवू नये. मुलांना तेवढा वेळ शेजारी पाठवावे.