कुसळ, लाल डोळा आणि उरलेली बाटली

गोंदिया जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी सुरू होते आणि बांधणी-चुरणी आटोपेपर्यंत शेतात नि खळ्यावर कुसळं, तूस, धूळ उडत राहते. त्या दिवसांत कुणाचा तरी डोळा लाल होणं नवलाचं नाही. काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. घरातल्या आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली फडताळातून निघते आणि त्या डोळ्यात पडते. बाटली नसलीच तर मेडिकलवर जाऊन "डोळा लाल झालाय, ड्रॉप द्या" एवढं म्हटलं की काम होतं. दाह कमी करणारे हे थेंब, बहुधा स्टिरॉइडचे, लाली आणि ठणका उतरवतात, पण लाली कशामुळे आली याच्याशी त्यांचा संबंध नसतो. म्हणून लाली उतरणं हा डोळा बरा होत असल्याचा पुरावा मानायला मी तयार नाही. खेड्यापाड्यांत जे डोळे जातात, त्यांतले कितीतरी याच खोट्या पुराव्यावर विसंबल्यामुळे जातात.

कुसळाचंच उदाहरण घ्या. धानाच्या पानावर, तुसावर, मातीत फ्युझेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशी असतात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा पडला की त्या आत शिरतात. या पडद्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे तिथली लढाई आसपासहून आलेल्या संरक्षक पेशींवर चालते, आणि लाली, सूज, पाणी या तिच्याच खुणा. स्टिरॉइडचा थेंब नेमका या पेशींना थोपवतो. ठणका कमी होतो, माणूस परत धान बांधायला जातो आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. "पण बाटलीत अँटिबायोटिकही असतं ना?" असं कुणी म्हणेल. असतं, पण मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा टोब्रामायसिन जिवाणू मारतात, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. बुरशीसाठी नॅटामायसिनसारखं वेगळंच औषध लागतं. दक्षिण भारतात झालेल्या अभ्यासांत बुबुळाच्या जखमांपैकी जवळपास निम्म्या बुरशीच्या निघाल्या आहेत, आणि रुग्णांत मोठा भरणा शेतात राबणाऱ्यांचा होता. आपला धानाचा पट्टा याला अपवाद असेल असं मानायला कारण दिसत नाही. नागिणीच्या जातीतल्या विषाणूची, हर्पीसची, बुबुळावरची जखमही स्टिरॉइडने अशीच चिघळते. जखम खोल गेली की मागे पांढरं फूल उरतं. ते थेंबांनी जात नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मागच्या वेळी याच थेंबांनी डोळा बरा झाला होता. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा घरोघरी हा अनुभव जमा झाला. पण अशा साथींतली डोळ्यांची लागण बहुधा विषाणूंची असते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या काळात डोळ्यात जे घातलं असेल त्याला श्रेय मिळतं, मग ते गुलाबपाणी असो की डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड. साथीत मिळालेला हा भरवसा चुरणीच्या दिवसांत कुसळाच्या जखमेवर वापरला जातो, आणि चूक तिथे होते. साथीचा डोळा आणि कुसळ लागलेला डोळा सारखेच लाल दिसतात. आत काय आहे हे तपासल्याशिवाय डॉक्टरलाही सांगता येत नाही.

दुसरा धोका संथ आहे आणि मला तो अधिक वाईट वाटतो, कारण त्यात दुखत काहीच नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात कितीतरी मुलं डोळे चोळत असतात. अ‍ॅलर्जी असते, खाज असह्य होते आणि स्टिरॉइडच्या थेंबाने तासाभरात आराम पडतो. मग दर उन्हाळ्यात तीच बाटली, पुढे उन्हाळा नसतानाही. काही आठवड्यांच्या वापरानंतर बऱ्याच जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत आर्मली आणि बेकर यांनी केलेल्या अभ्यासांत सुमारे एक तृतीयांश लोकांत तो बेताचा वाढला आणि शंभरातल्या पाच-सहांत फारच. ते पाच-सहा कोण, हे आधी ओळखण्याची सोपी खूण नाही. दाबाने नस सुकते, नजर कडेकडेने जाते, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं. हा काचबिंदू. मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो, पण तो निदान काढता येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. म्हणून मुलाला असे थेंब दोन आठवड्यांहून जास्त चालू ठेवायचे असतील, तर डोळ्याचा दाब कधी मोजायचा हे पालकांनीच डॉक्टरांना विचारावं. विचारण्यात कसला उद्धटपणा?

मग स्टिरॉइड नसलेले थेंब घ्यावेत का? केटोरोलॅक, नेपाफेनॅक, डायक्लोफेनॅक यांनी दाब वाढत नाही, हे खरं. पण १९९९ साली अमेरिकेत डायक्लोफेनॅकच्या थेंबांनी काहींचं बुबुळ अक्षरशः विरघळल्याच्या तक्रारी आल्या आणि त्यातलं एक उत्पादन बाजारातून काढावं लागलं. मधुमेह, संधिवात, कोरडे डोळे असणाऱ्यांना हा धोका अधिक. शिवाय हे थेंब वेदना लपवतात, आणि कुसळ लागलेल्या माणसाला दवाखान्यात नेणारी एकच गोष्ट असते, ती वेदना. याचा अर्थ दाह कमी करणारी औषधं, स्टिरॉइडसुद्धा, वाईट असा मुळीच नाही. ऑपरेशननंतरची सूज किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा दाह यांत त्यांच्यावाचून नजर जाऊ शकते. "स्टिरॉइड" हा शब्द ऐकून घाबरून मोतीबिंदूचे थेंब मध्येच बंद करणारेही आहेत, त्यांचंही नुकसानच होतं. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, अशी उतरती मात्रा लिहिलेली असते ती सूज उलटू नये म्हणून. ती संपेपर्यंत पाळावी.

सगळ्यात रास्त आक्षेप अंतराचा आहे. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातून डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा म्हणजे दिवसाची मजुरी जाते, तीही ऐन हंगामात. पण दरवेळी नागपूर गाठावं लागत नाही. पहिली पायरी जवळचं ग्रामीण रुग्णालय, तिथे नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी असतात ते आशाताईला विचारून ठेवावं. पुढे गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तोवर डोळा स्वच्छ पाण्याने धुवावा, चोळू नये, मध, दूध, पाल्याचा रस काही घालू नये. नेपाळमधल्या भक्तपूरला गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ओरखडा पडलेल्या डोळ्यांत लगेच साधं क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम घातलं आणि बहुतेक जखमा न चिघळता भरल्या. नंतरच्या मोठ्या चाचणीत गावपातळीवर तेवढा फायदा दिसला नाही, म्हणून मलमावर मी सगळी भिस्त ठेवणार नाही. त्या मलमात स्टिरॉइड नव्हतं, हे मात्र ध्यानात घ्यावं. दुखणं वाढलं, उजेड सोसेना, धूसर दिसू लागलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी निघावं. चुरणीच्या यंत्रापाशी साधा चष्मा लावला तर यातलं बरंच टळतं. तो घामाने धुरकटतो हे खरं, पण पुसता येतो.

राहिली बाटली. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड. अक्षरं बारीक आणि इंग्रजी असतात, शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावीत. ही औषधं चिठ्ठीवरच विकायची आहेत, तसं वेष्टनावर छापलेलंही असतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध घालताना हात धुऊन एकच थेंब घालावा, डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसऱ्या औषधाचा थेंब पाच मिनिटांनी. दुधाळ औषध असेल तर आधी हलवावं. फोडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि महिन्याने ती फेकावी, अर्धी भरलेली असली तरी. आणि डॉक्टरकडे जाताना आतापर्यंत डोळ्यात घातलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत टाकून न्याव्यात, रिकाम्याही. स्टिरॉइड पडलेल्या डोळ्यात बुरशीच्या खुणा दबलेल्या असतात, आणि तपासणाऱ्याला ते आधी कळलं तर तो लगेच खरवडून नमुना घेतो.